प्रगत उत्पादन तंत्रज्ञानाचा स्वीकार आणि व्यवस्थापकांमधील अनुभव-विनिमय : एक विवेचन

गोषवारा

प्रगत उत्पादन तंत्रज्ञान पैसे देऊन खरेदी करता येते. परंतु ते परिणामकारकपणे वापरण्याचे ज्ञान त्याच मार्गाने मिळत नाही. हे ज्ञान मुख्यतः प्रत्यक्ष काम करणाऱ्या व्यवस्थापकांच्या, पर्यवेक्षकांच्या आणि कामगारांच्या अनुभवात साठलेले असते. प्रस्तुत लेखात अमेरिका, जपान व भारत येथील काही सुपरिचित उदाहरणांच्या आधारे उद्योगांतील अनुभव-विनिमयाचे स्वरूप स्पष्ट केले असून, असा विनिमय कोणत्या अटींवर यशस्वी होतो आणि महाराष्ट्रातील लघु व मध्यम पुरवठादार उद्योगांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व काय, याचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : प्रगत उत्पादन तंत्रज्ञान, अव्यक्त ज्ञान, अनुभव-विनिमय, पुरवठादार संघ, लघुउद्योग समूह.

१. प्रस्तावना

१९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणामुळे भारतीय उद्योगांपुढे जागतिक स्पर्धा उभी राहिली. वाहननिर्मिती क्षेत्रात परदेशी कंपन्यांचे आगमन झाले आणि त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या उद्योगांकडून गुणवत्ता, वेळेवर पुरवठा व कमी किंमत या तिन्ही अपेक्षा एकाच वेळी केल्या जाऊ लागल्या. या अपेक्षा पूर्ण करण्यासाठी अनेक कारखानदारांनी जुन्या लेथ व मिलिंग यंत्रांच्या जागी संगणकीय नियंत्रणावर चालणारी सीएनसी यंत्रे बसविली. काहींनी रोबोट, स्वयंचलित तपासणी उपकरणे व संगणकीय नियोजन प्रणाली यांत गुंतवणूक केली.

मात्र यंत्र बसविणे आणि यंत्राचा पूर्ण लाभ घेणे यांत मोठे अंतर असते. बँकेचे कर्ज काढून घेतलेले यंत्र सेटिंगसाठी, टूलची वाट पाहत किंवा दुरुस्तीसाठी थांबून राहिले तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. मोठ्या उद्योगाला असा तोटा काही काळ सोसता येतो. वीस-पंचवीस कामगारांच्या लहान कारखान्यात मात्र तो थेट अस्तित्वाचा प्रश्न ठरतो. त्यामुळे तंत्रज्ञान वापरण्याचे ज्ञान कोठून व कसे मिळवावे, हा प्रश्न तंत्रज्ञानाच्या निवडीइतकाच महत्त्वाचा आहे.

२. विवेचनाची उद्दिष्टे

प्रस्तुत विवेचनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) तंत्रज्ञानाची मालकी व तंत्रज्ञानाचा परिणामकारक वापर यांतील फरक स्पष्ट करणे.
२) अनुभवजन्य ज्ञान केवळ लेखी स्वरूपात का हस्तांतरित होत नाही, हे समजून घेणे.
३) अनुभव-विनिमयाच्या यशस्वी व अयशस्वी उदाहरणांचा परामर्श घेणे.
४) महाराष्ट्रातील लघु व मध्यम उद्योगांसाठी अशा विनिमयाच्या आवश्यक अटी मांडणे.

३. संकल्पनांचे स्पष्टीकरण

'प्रगत उत्पादन तंत्रज्ञान' या संज्ञेत सीएनसी यंत्रे, संगणकाच्या साहाय्याने केलेले आरेखन व उत्पादन, लवचीक उत्पादन प्रणाली, औद्योगिक रोबोट आणि अलीकडच्या काळातील संवेदक व माहिती-जाळ्यांवर आधारित प्रणाली यांचा समावेश होतो. 'प्रगत उत्पादन पद्धती' या संज्ञेत कामाच्या जागेची शिस्त लावणारी '५-एस' पद्धती, गरजेनुसार उत्पादन, कानबान, सर्वंकष उत्पादक देखभाल, संख्याशास्त्रीय प्रक्रिया नियंत्रण आणि सातत्यपूर्ण सुधारणा अर्थात 'कायझेन' यांचा अंतर्भाव होतो. पहिल्या गटातील गोष्टी भांडवलाने मिळतात, तर दुसऱ्या गटातील गोष्टी सवयीने व शिक्षणाने रुजतात. पहिल्या गटाचे यश बऱ्याच अंशी दुसऱ्या गटावर अवलंबून असते.

'अनुभव-विनिमय' याचा अर्थ येथे केवळ परिषदांमधील भाषणे असा अभिप्रेत नाही. एका कारखान्यातील व्यवस्थापकाने दुसऱ्या कारखान्यातील काम प्रत्यक्ष पाहणे, त्यातील अडचणींवर एकत्र विचार करणे आणि सुचविलेली सुधारणा करून तिचा परिणाम पुन्हा तपासणे, अशी ही दीर्घकाळ चालणारी प्रक्रिया आहे.

४. समान यंत्रे, भिन्न फलित

हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक रामचंद्रन जयकुमार यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात मूलभूत मानला जातो. त्यांनी अमेरिकेतील ३५ व जपानमधील ६० लवचीक उत्पादन प्रणालींची तुलना केली. अनेक प्रकारचे भाग एकाच प्रणालीवर, फारसा वेळ न दवडता तयार करता यावेत, हा अशा प्रणालींचा मूळ हेतू असतो. प्रत्यक्षात अमेरिकेतील एका प्रणालीवर सरासरी १० प्रकारचे भाग तयार होत होते, तर जपानमधील प्रणालीवर सरासरी ९३ प्रकारचे. यंत्रसामग्री बरीचशी समान असूनही अमेरिकी कारखाने लवचीक यंत्रे जुन्या, ठरावीक उत्पादनाच्या पद्धतीने चालवीत होते. पाहणीतील जपानी कंपन्यांच्या मनुष्यबळात ४० टक्क्यांहून अधिक अभियंते होते. अमेरिकी कंपन्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. यंत्राची क्षमता ही ते हाताळणाऱ्या माणसांच्या ज्ञानाने मर्यादित होते, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

हीच बाब लहान कारखान्याच्या पातळीवर एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. एका सीएनसी यंत्रावर ८ तासांची, म्हणजे ४८० मिनिटांची शिफ्ट आहे. दिवसात दोनदा जॉब बदलावा लागतो व प्रत्येक सेटिंगला ६० मिनिटे लागतात. उरलेल्या ३६० मिनिटांत, एका नगास ३ मिनिटे या हिशेबाने, १२० नग व्हायला हवेत. किरकोळ थांबे व मंद गती यांमुळे प्रत्यक्षात १०२ नग होतात आणि त्यांपैकी ६ नाकारले जातात. म्हणजे ९६ निर्दोष नग मिळतात. पूर्ण ४८० मिनिटांत १६० नग शक्य असताना ९६ मिळाले, म्हणून यंत्राची एकूण परिणामकारकता ६० टक्के ठरते.

आता प्रत्येक सेटिंगचा वेळ ६० वरून २० मिनिटांवर आला, तर त्याच यंत्रावर, त्याच वेगाने व नकाराच्या त्याच प्रमाणात सुमारे ११७ निर्दोष नग मिळतील. ही वाढ सुमारे २२ टक्के आहे. तिच्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. आणखी एक यंत्र घेण्याचा विचार करणाऱ्या कारखानदाराने प्रथम हा हिशेब मांडणे इष्ट ठरते. परंतु सेटिंगचा वेळ नेमका कसा कमी करावा, हे यंत्राच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेले नसते. ते ज्याने केले आहे, त्याच्याकडूनच शिकावे लागते.

५. अव्यक्त ज्ञानाचे स्वरूप

ज्ञानाचे व्यक्त व अव्यक्त असे दोन प्रकार मानले जातात. मायकेल पोलानी यांनी मांडलेली अव्यक्त ज्ञानाची संकल्पना इकुजिरो नोनाका व हिरोताका ताकेउची यांनी १९९५ मधील आपल्या ग्रंथात उद्योगसंस्थांना लागू केली. आराखडे, कार्यसूचना व तक्ते हे व्यक्त ज्ञान होय. कटिंगच्या आवाजावरून इन्सर्ट झिजल्याचे ओळखणे, फिक्श्चरमध्ये जॉब नेमका किती घट्ट बसवावा याचा अंदाज घेणे, कोणत्या कामगाराला कोणते काम आधी शिकवावे हे ठरविणे, हे अव्यक्त ज्ञान होय. ते सहवासातून, निरीक्षणातून व सरावातून संक्रमित होते.

सेटिंगचा वेळ कमी करण्याची 'एकेरी मिनिटांतील साचा-बदल' ही पद्धती शिगेओ शिंगो यांनी विकसित केली. १९६९ मध्ये टोयोटा कंपनीतील १००० टन क्षमतेच्या प्रेसवर साचा बदलण्यास ४ तास लागत असत. सुमारे सहा महिन्यांच्या प्रयत्नांनंतर हा वेळ ९० मिनिटांवर आला आणि पुढील तीन महिन्यांत तो ३ मिनिटांपर्यंत खाली आणण्यात यश आले. या पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. यंत्र चालू असताना करता येणारी कामे आणि यंत्र थांबवूनच करावी लागणारी कामे वेगळी करावयाची, आणि शक्य तितकी कामे पहिल्या गटात न्यावयाची. हे तत्त्व पाच मिनिटांत समजते. तथापि आपल्या कारखान्यातील कोणते काम कोणत्या गटात जाते, हे कामगारासोबत यंत्राजवळ उभे राहून, घड्याळ लावून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच याच पद्धतीवरील पुस्तके उपलब्ध असूनही सर्व कारखान्यांना सारखे यश मिळालेले दिसत नाही.

६. न्यूमी प्रकल्प : यश व हस्तांतरणाची मर्यादा

अनुभव-विनिमयाचे सामर्थ्य व मर्यादा या दोन्ही बाजू अमेरिकेतील 'न्यूमी' प्रकल्पात दिसून येतात. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना सततचे संघर्ष, निकृष्ट गुणवत्ता व सुमारे २० टक्के गैरहजेरी यांमुळे बदनाम झाला होता. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा व जनरल मोटर्स यांच्या संयुक्त प्रकल्पाच्या रूपाने तो पुन्हा सुरू झाला. नव्याने भरती झालेल्यांत बहुसंख्य कामगार जुनेच होते आणि त्यांची संघटनाही तीच होती. शेकडो कामगार व पर्यवेक्षकांना जपानमधील कारखान्यात पाठवून तेथील कामगारांच्या बरोबरीने काम करण्याची संधी देण्यात आली. अल्पावधीतच गैरहजेरी लक्षणीयरीत्या घटली आणि गुणवत्ता जपानी कारखान्यांच्या जवळपास पोहोचली.

या यशामागे विश्वासाचा आधार होता. कंपनीने नोकरीच्या सुरक्षिततेबाबत संघटनेला वचन दिले होते. १९८८ मध्ये मागणी घटून कारखान्याची क्षमता मोठ्या प्रमाणात पडून राहिली, तेव्हाही कामगारकपात झाली नाही. त्यांना प्रशिक्षण व सुधारणांच्या कामात गुंतविण्यात आले. आपण सुचविलेल्या सुधारणेमुळे आपलीच नोकरी जाणार नाही, याची खात्री असल्याशिवाय कोणताही कामगार आपले ज्ञान मोकळेपणाने इतरांना देत नाही, हे यावरून लक्षात येते.

याच काळात अध्यक्ष रॉजर स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली जनरल मोटर्सने स्वयंचलनावर अब्जावधी डॉलर खर्च केले. १९८५ मध्ये सुरू झालेल्या डेट्रॉइट-हॅमट्रॅमक कारखान्यात रोबोटांतील बिघाडांमुळे उत्पादन वारंवार रखडले. कमी स्वयंचलन असलेला न्यूमी कारखाना मात्र सरस ठरला. जनरल मोटर्सचे निवडक व्यवस्थापक न्यूमीत शिकून गेले. परंतु ते कंपनीच्या निरनिराळ्या कारखान्यांत विखुरले गेले. एकटा व्यवस्थापक जुन्या वातावरणात नवी पद्धती रुजवू शकला नाही. वरिष्ठांचे मूल्यमापन उत्पादनाच्या संख्येवर होत राहिल्याने दोष दिसताच उत्पादन थांबविण्याचा अधिकार कामगाराला देणे तेथे मान्य होईना. पद्धतींचा प्रसार संपूर्ण कंपनीत होण्यास त्यामुळे अनेक वर्षे लागली. न्यूमी कारखाना २०१० मध्ये बंद झाला आणि त्याच वर्षी ती वास्तू टेस्ला कंपनीने घेतली.

७. टोयोटाचे पुरवठादार : संघटित विनिमयाचा नमुना

एका कारखान्यातील ज्ञान अनेक स्वतंत्र उद्योगांपर्यंत नेण्याचा संघटित प्रयत्न टोयोटाच्या पुरवठादारांमध्ये झालेला दिसतो. जपानमध्ये 'क्योहोकाई' हा पुरवठादार संघ १९४३ पासून कार्यरत आहे. १९७७ मध्ये प्रमुख पुरवठादारांचे लहान स्वयंअध्ययन गट स्थापन झाले. या गटांना 'जिशुकेन' असे म्हणतात. गटातील प्रत्येक उद्योगाच्या कारखान्याला इतर सदस्य भेट देतात, एखादी निश्चित समस्या हाती घेतात व तिच्यावर एकत्र काम करतात. अमेरिकेतील केंटकी येथील कारखान्याच्या पुरवठादारांसाठी १९८९ मध्ये 'ब्लूग्रास ऑटोमोटिव्ह मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन' हा संघ व १९९२ मध्ये स्वतंत्र पुरवठादार सहाय्य केंद्र स्थापन करण्यात आले.

जेफ्री डायर व केंतारो नोबेओका यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या व्यवस्थेचे नियम तपशीलाने मांडले आहेत. थेट स्पर्धक एकाच गटात ठेवले जात नाहीत. ठरावीक काळानंतर गटांची फेररचना केली जाते. सल्लागारांच्या मदतीसाठी पुरवठादाराकडून शुल्क घेतले जात नाही; मात्र मदत घेणाऱ्याने आपला कारखाना इतरांना पाहण्यासाठी खुला ठेवावा, अशी अपेक्षा असते. आपल्या खास प्रक्रियेचा विभाग पाहुण्यांसाठी बंद ठेवण्याची मुभाही पुरवठादाराला असते. सुधारणेतून झालेल्या बचतीपोटी तत्काळ किंमत कमी करण्याची मागणी खरेदीदार करीत नाही. या नियमांमुळे घेणारा कधीतरी देणाराही होतो आणि ज्ञान दडवून ठेवण्यापेक्षा ते वाटण्यात अधिक लाभ राहतो.

अशा परस्परसंबंधांची कसोटी फेब्रुवारी १९९७ मध्ये लागली. आयसिन कंपनीच्या कारिया येथील कारखान्याला आग लागून ब्रेकसाठी लागणाऱ्या एका लहानशा झडपेचा पुरवठा थांबला. टोयोटाच्या जवळजवळ सर्व गाड्यांसाठी ही झडप तेथूनच येत असल्याने जपानमधील उत्पादन ठप्प झाले. अशा वेळी सुमारे २०० उद्योगांनी या ना त्या स्वरूपात मदत केली. त्यांपैकी अनेकांनी पूर्वी ही झडप कधी बनविलेली नव्हती. तरीही काही दिवसांतच पर्यायी पुरवठा उभा राहिला आणि वाहन-उत्पादन पूर्वपदावर येऊ लागले. वर्षानुवर्षे एकमेकांचे काम पाहिलेल्या माणसांनाच इतक्या तातडीने एकत्र काम करणे शक्य झाले.

८. भारतीय व महाराष्ट्रीय संदर्भ

भारतात प्राध्यापक योशिकाझु त्सुदा यांच्यासारख्या जपानी तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली वाहन-सुटे भाग उद्योगात गुणवत्ता चळवळ रुजली. चेन्नई येथील सुंदरम-क्लेटन कंपनीच्या ब्रेक विभागाला १९९८ मध्ये डेमिंग पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारी ती पहिली भारतीय कंपनी होय. पुढील काळात अन्य अनेक भारतीय कंपन्यांना हे पारितोषिक मिळाले.

लघु व मध्यम उद्योगांच्या दृष्टीने १९९९ मध्ये सुरू झालेला संयुक्त राष्ट्र औद्योगिक विकास संघटनेचा भागीदारी कार्यक्रम उल्लेखनीय आहे. त्यात वाहन-सुटे भाग उत्पादकांची राष्ट्रीय संघटना, पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आणि फियाट कंपनी यांचा सहभाग होता. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील सुमारे २० पुरवठादारांसोबत काम झाले. वर्गातील प्रशिक्षणाला प्रत्यक्ष कारखान्यातील मार्गदर्शनाची जोड देणे आणि मोठ्या गुंतवणुकीऐवजी स्वच्छता, मांडणी व शिस्त यांपासून सुरुवात करणे, हे त्याचे वैशिष्ट्य होते.

केंद्र शासनाने २००९ मध्ये लघुउद्योगांसाठी काटकसरी उत्पादनपद्धतीची, म्हणजेच 'लीन' योजना प्रायोगिक स्वरूपात १०० लघुसमूहांत सुरू केली. जवळपासच्या उद्योगांनी गट करून एक सल्लागार नेमावा आणि त्याच्या शुल्काचा ८० टक्के भार शासनाने उचलावा, असे तिचे स्वरूप होते. मार्च २०२३ मध्ये ही योजना नव्या रूपात सुरू झाली. तीत पायाभूत, मध्यम व प्रगत असे तीन स्तर असून शासनाचा वाटा ९० टक्के करण्यात आला.

महाराष्ट्रात अशा विनिमयासाठी अनुकूल भूमी आहे. पिंपरी-चिंचवड, चाकण व भोसरी, छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज, नाशिकमधील सातपूर व अंबड आणि कोल्हापूरचा फाउंड्री उद्योग येथे एकाच परिसरात समान स्वरूपाचे अनेक कारखाने आहेत. मात्र यातच एक अडचणही दडलेली आहे. शेजारचा कारखानदार हाच बहुधा स्पर्धक असतो आणि दोघांचा खरेदीदारही एकच असतो. आपली सुधारणा उघड केली तर शेजारी ऑर्डर घेऊन जाईल आणि खरेदीदार पुढील करारात दर कमी करून मागेल, ही दुहेरी भीती कारखानदाराच्या मनात असते. ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. म्हणून केवळ गट स्थापन केल्याने व सभा भरविल्याने विनिमय घडेल, असे गृहीत धरणे योग्य नाही.

९. परिणामकारक अनुभव-विनिमयाच्या अटी

वरील उदाहरणांवरून पुढील अटी निष्पन्न होतात.

१) गटरचना : गटात पाच ते आठ उद्योग असावेत व शक्यतो थेट स्पर्धक नसावेत. फाउंड्री, मशिनिंग, प्रेसकाम व प्लॅस्टिक मोल्डिंग अशा भिन्न प्रक्रियांचे उद्योग एकत्र आले तरी सेटिंगचा वेळ, देखभाल, टूलची व्यवस्था व प्रशिक्षण हे प्रश्न सर्वांना समान असतात.

२) विषयाची मर्यादा : किंमत, ग्राहक व उत्पादनाचे वाटप हे विषय चर्चेबाहेर ठेवावेत. स्पर्धा अधिनियम, २००२ अन्वये स्पर्धकांनी परस्परांत किंमती ठरविणे निषिद्ध आहे. त्यामुळे ही मर्यादा कायद्याच्या दृष्टीनेही आवश्यक ठरते.

३) कारखान्याची प्रत्यक्ष भेट : चर्चा सभागृहात न होता यंत्राजवळ व्हावी. भेटीपूर्वीची व सुधारणेनंतरची आकडेवारी एकाच पद्धतीने मोजलेली असावी, अन्यथा यशाचे दावे तपासता येत नाहीत.

४) अपयशाची नोंद : यशोगाथा ऐकण्यास सुखद असतात; परंतु न वापरले गेलेले सॉफ्टवेअर, चुकीची निवड झालेले यंत्र किंवा दोन महिन्यांत बंद पडलेला कानबान यांचे अनुभव अधिक उपयुक्त ठरतात, कारण ते दुसऱ्याचा खर्च वाचवितात.

५) पर्यवेक्षक व कामगारांचा सहभाग : केवळ मालक वा व्यवस्थापक भेटीस गेल्यास अर्धेच ज्ञान परत येते. सेटर, देखभाल कर्मचारी व यंत्रचालक यांनाही सोबत न्यावे आणि सुधारणेमुळे त्यांच्या रोजगारावर गदा येणार नाही, असे स्पष्ट आश्वासन द्यावे.

६) खरेदीदाराची भूमिका : मोठ्या कंपन्यांनी सुधारणेतून झालेली बचत निदान ठरावीक काळ पुरवठादाराकडे राहू द्यावी. बचत तत्काळ काढून घेतल्यास पुढील सुधारणा दडविण्याची प्रवृत्ती बळावते आणि अंतिमतः खरेदीदाराचेच नुकसान होते.

७) सातत्य : सल्लागाराचा कालावधी संपल्यानंतर गट विसर्जित होऊ नये. अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतनांनी तटस्थ समन्वयकाची जबाबदारी स्वीकारल्यास विनिमय टिकू शकतो आणि विद्यार्थ्यांनाही उत्पादनातील वास्तव प्रश्नांची ओळख होते.

१०. निष्कर्ष

संवेदक, माहितीचे विश्लेषण व कृत्रिम बुद्धिमत्ता यांवर आधारित उत्पादन प्रणाली आता लहान कारखान्यांच्याही दारापर्यंत पोहोचत आहेत. यंत्र किती वेळ थांबले हे अशा प्रणाली अचूक सांगू शकतात. पण ते का थांबले आणि पुन्हा थांबू नये म्हणून काय करावे, याचा निर्णय कारखान्यातील माणसांनाच घ्यावा लागतो. जयकुमार यांनी १९८६ मध्ये दाखवून दिलेली बाब म्हणूनच आजही तितकीच लागू पडते.

तंत्रज्ञानाच्या वापराचे ज्ञान माणसांच्या अनुभवात असते आणि तो अनुभव परस्परविश्वास असेल तरच देवघेवीसाठी खुला होतो. न्यूमीतील कामगारांना नोकरीची हमी होती. टोयोटाच्या पुरवठादारांना बचत हिरावली न जाण्याची खात्री होती. महाराष्ट्रातील लघुउद्योगांना यंत्रखरेदीसाठी कर्ज व अनुदान देणाऱ्या योजनांची गरज आहेच. मात्र त्यासोबत विश्वासाचे असे नियम घालून दिले गेले नाहीत, तर प्रत्येक कारखानदाराला शेजाऱ्याने आधीच सोडविलेला प्रश्न पुन्हा स्वतःच्या खर्चाने सोडवावा लागेल, आणि तोपर्यंत टिकून राहण्याइतके भांडवल प्रत्येकाकडे असेलच असे नाही. उद्योग संघटना, खरेदीदार कंपन्या, शासन व शिक्षणसंस्था यांनी या दिशेने एकत्रित प्रयत्न करणे आवश्यक आहे.